गाळणीतला पंक्तिप्रपंच

मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. एका विश्वस्त निधीची शिष्यवृत्ती तिला मंजूर झाली होती. कागदपत्रं पंधरा दिवसांत पाठवा, असा मेल तिच्या कॉलेजच्या पत्त्यावर आला होता आणि तो तिला दिसलाच नव्हता. मुदत गेल्यावर तिने फोन केला तेव्हा तिकडून उत्तर मिळालं, आम्ही तर पाठवलं, तुम्ही पाहिलं नाही. मग ती कॉलेजच्या कार्यालयात आली. हेडक्लार्क भाऊसाहेबांनी तिला संगणक विभागाकडे धाडलं आणि विभागाने माझ्याकडे. मी काही कॉलेजचा नोकर नाही. तालुक्यातल्या चार-पाच संस्थांचे मेल सर्व्हर सांभाळून पोट भरतो, त्यातली ही एक, आणि तीही नुकतीच हाती आलेली.

"सर, जे माझ्यापर्यंत आलंच नाही ते मी बघायचं कसं?" तिने विचारलं.

मेल सापडला. क्वारंटाइनमध्ये, म्हणजे संशयित टपालाच्या कोठडीत, पडून होता. त्याच्या हेडरमध्ये अडवण्याचं कारणही स्वच्छ लिहिलेलं होतं. मिळालेले गुण ४.१, मर्यादा ३.५. कोणत्या नियमाखाली किती गुण लागले त्याचा हिशेबही शेजारीच होता. त्यातले २.८ एकाच नियमाचे होते, आणि त्या नियमाचं वर्णन आपल्या भाषेत सांगायचं तर असं: मजकूर नकोशा भाषेत आहे.

मेल मराठीत होता.

तिथे नको असलेला मेल, म्हणजे स्पॅम, अडवायला स्पॅमअसॅसिन नावाची गाळणी होती; ती २००१ पासून जगभर वापरात आहे. तिला भाषा ओळखणारं एक प्लगइन जोडता येतं. ते मुळात बंद असतं, मुद्दाम चालू करावं लागतं, आणि चालू केल्यावरही सगळ्या भाषा चालतात असंच ते धरून चालतं. त्याच्या ओळखीच्या भाषांत हिंदी आहे, तमिळ आहे, संस्कृत आहे, मराठीही आहे. म्हणजे परदेशातल्या सॉफ्टवेअरवाल्यांनी मराठीची सोय करून ठेवलेली, आणि इथे महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी कोणीतरी मुद्दाम उठून चालणाऱ्या भाषांच्या रकान्यात एकटी इंग्रजी लिहून ठेवलेली. २०११ साली सातारा जिल्ह्यात 'नकोशी' नावाच्या दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावं दिली गेली होती. ती बातमी वाचताना मला वाटलं होतं, हा शब्द आता निदान नोंदवहीतून तरी गेला.

पण हे प्रकरण भाषेवर संपत नाही. भाषेचा तो नियम साऱ्या कॉलेजला सारखाच लागू होता. हाच मेल प्राध्यापकांना आला असता तर त्यालाही ४.१ गुणच पडले असते. पण प्राध्यापकांच्या गटाची मर्यादा ५ होती, म्हणून तो सरळ आत गेला असता. कार्यालयाच्या गटाचीही ५. विद्यार्थ्यांच्या गटाची तेवढी ३.५. आणि 'स्पेशल' या नावाचा आणखी एक गट होता, त्यात प्राचार्य, संस्थेचे पदाधिकारी आणि दोन असे पत्ते होते जे कोणाचे हे कोणालाच सांगता येईना. त्या गटाला गाळणीच लागू नव्हती. मराठी मेलला वर्षानुवर्षं दंड बसत होता आणि ज्यांनी आरडाओरडा केला असता तर कोणीतरी धावलं असतं, त्यांच्यापर्यंत तो दंड पोचतच नव्हता. पोचत होता तो मुलांपर्यंत, आणि त्यांना वाटत होतं की आपल्याला कोणी मेल पाठवतच नाही.

याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, पंक्तिप्रपंच. स्वयंपाक एक, आचारी एक, पण वरच्या पंगतीला भातावर तूप आणि खालच्या पंगतीला पातळ आमटी. त्यातला खरा दंश तुपात नव्हता. कोणाला कुठे बसवायचं हे कोणी, कधी, कशावरून ठरवलं, हे विचारायचीच सोय नसे. "पूर्वीपासून असंच आहे" एवढ्यावर पंगत उठे. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजनं घालून घाव घातला तो या न विचारण्यावर. आता पंगती जेवणावळींतून पुष्कळशा गेल्या, आणि सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइलीत जाऊन बसल्या. तिथे त्यांना 'यूजर ग्रुप' म्हणतात.

लगेच कोणी म्हणेल, मग गट मोडून टाका, सगळ्यांना एक नियम. हे म्हणणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. स्पॅमची तक्रार घेण्यासाठी संस्थेने 'अब्यूज' नावाचा पत्ता ठेवावा, असा संकेत इंटरनेटच्या नियमावलीत १९९७ पासून आहे. तक्रार करणारा माणूस तक्रारीला काय जोडतो? तो स्पॅमच. या पत्त्याला सर्वांसारखी गाळणी लावली तर चोरी सांगायला आलेल्यालाच चोर म्हणून दारात अडवल्यासारखं होतं. 'पोस्टमास्टर' या पत्त्याचं तेच. औषधनिर्माणशास्त्र शिकवणाऱ्या विभागाला औषधांची नावं असलेले मेल येणारच. इतरांच्या बाबतीत त्याच नावांवरून संशय घेणं रास्त असतं. प्रवेशाच्या पत्त्यावर रोज अनोळखी पालक लिहितात, मोबाइलवरून, विषय न टाकता, सगळं एका दमात. स्पॅमच्या पुष्कळशा खुणा त्या बिचाऱ्यांच्या मेलमध्ये असतात. या प्रत्येक ठिकाणी वेगळी वागणूक हवी, आणि तिचं कारण एका वाक्यात कोणालाही सांगता येतं. म्हणून गट हवेत. माझं भांडण त्या गटांशी आहे ज्यांचं कारण सांगताना आवाज खाली येतो.

'स्पेशल' गटाचं कारण मी भाऊसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "अहो, साहेबांचा मेल अडकला तर उद्या जाब कोण देणार? त्यापेक्षा सोडा म्हटलं सगळं आत." बहुतेक संस्थांत हा गट असतो आणि तो असाच जन्माला येतो, कोणाच्या तरी भीतीतून. गंमत अशी की हा मान सर्वांत महागात पडतो. वरिष्ठाच्या नावाने हिशेबनिसाला मेल पाठवायचा, अमुक खात्यावर तातडीने पैसे भरा म्हणायचं, या एका फसवणुकीच्या प्रकाराने २०२३ साली झालेलं नुकसान अमेरिकेच्या एफबीआयने सुमारे २.९ अब्ज डॉलर नोंदवलं आहे, आणि ते फक्त त्यांच्याकडे तक्रार आलेलं. पाठवणाऱ्याच्या रकान्यात कोणीही कोणाचंही नाव लिहू शकतो. म्हणजे ज्यांच्या मागे ठग सर्वांत जास्त लागतात त्यांच्या दाराची कडी आम्ही आदराने काढून ठेवतो, आणि ज्या मुलीला कोणी शिष्यवृत्तीपलीकडे काही पाठवत नाही तिच्या दाराला दोन कुलुपं लावतो. संस्थेच्या स्वतःच्या नावाने येणारा प्रत्येक मेल डोळे मिटून आत सोडण्याची जी सर्रास पद्धत आहे, तीही याच आदराची बहीण.

गाळणीचं काम कसं चालतं हे थोडं सांगितलं पाहिजे, नाही तर हा सगळा राग हवेतला वाटेल. १९७८ च्या मे महिन्यात गॅरी थर्क नावाच्या विक्रेत्याने अर्पानेटवरच्या सुमारे चारशे लोकांना एकदम आपल्या कंपनीच्या संगणकांची जाहिरात पाठवली. तो पहिला स्पॅम मानला जातो, आणि तेव्हाही लोक चिडलेच होते. पुढे पूर आला तेव्हा शब्दांवर बंदी घालण्याचे बाळबोध उपाय झाले आणि फसले. मग गुणांची पद्धत आली. मेल आला की शेकडो बारीक परीक्षा. प्रत्येकीचे अधिक किंवा उणे गुण. बेरीज मर्यादेला पोचली की स्पॅम. स्पॅमअसॅसिनची मूळ मर्यादा ५. आरस्पॅमडी या दुसऱ्या गाळणीची मोजपट्टी वेगळी, तिच्यात मूळ मांडणीप्रमाणे ६ गुणांना मेलवर शिक्का बसतो आणि १५ ला तो दारातूनच परत जातो. मर्यादा खाली आणली की जास्त स्पॅम अडतो आणि जास्त निरपराधही अडतात. यातून सुटका नाही. तेव्हा मर्यादा ५ वरून ३.५ वर आणणं याचा अर्थ असा की या गटातल्या माणसांची खरी पत्रं हरवली तरी आम्हाला चालेल. आकडा लिहिणाऱ्याने हे वाक्य मनात उच्चारलेलं असो वा नसो.

गाळणीतला बेझच्या संभाव्यतेच्या गणिताने शिकणारा भाग त्यात आणखी भर घालतो. किमान दोनशे चांगले आणि दोनशे वाईट मेल दाखवल्याशिवाय तो मूळ मांडणीत तोंडच उघडत नाही. हे दोनशे चांगले मेल कोणाच्या पेटीतले घेतले? त्या कॉलेजात ते प्राध्यापकांचे होते. चांगलं पत्र कसं असतं हे गाळणी त्यांच्याकडून शिकली आणि मुलांच्या पत्रांना तीच फूटपट्टी लावत राहिली. हेही कुठे लिहिलेलं नव्हतं. जुन्या फोल्डरांच्या नावांवरून मला अंदाज बांधावा लागला.

आणि इथेच मला सांगायचं आहे ते येतं. यंत्राने आपलं काम चोख केलं होतं. एका क्षुल्लक मेलला त्याने अडवलं, तर का अडवलं हे त्याच मेलच्या डोक्यावर लिहिलं, गुणांसकट. स्पॅमअसॅसिनमधल्या नियमाला एक वर्णनाची ओळ जोडायची रीत आहे, आणि ती पन्नास अक्षरांपेक्षा लांबली तर तपासणीच्या वेळी गाळणी कुरकुर करते. इतकी त्या लिहिणाऱ्यांना कारणाची चाड. मात्र ज्या माणसाने हजार-बाराशे मुलांना एका गटात टाकून त्यांची मर्यादा खाली आणली, त्याने त्या ओळीच्या शेजारी एक अक्षरही लिहिलं नव्हतं. टिप्पणीसाठी ओळीआधी एक खूण टाकली की पुरतं. तेवढीही नाही. गटाचं नाव 'ग्रुप बी'. तारीख नाही, नाव नाही. तो माणूस नोकरी सोडून कधीच गेला होता.

मी अंदाज केला, पूर्वी कधीतरी मुलांची काही खाती चोरीला जाऊन त्यांतून बाहेर स्पॅम गेला असेल, ओरड झाली असेल आणि घाईत कोणीतरी मुलांचा गट आवळला असेल. हे खरं असलं तर औषध भलत्याच रोगाला दिलं गेलं, कारण जाणारा स्पॅम येणाऱ्या मेलची मर्यादा आवळून थांबत नाही. पण हा माझा अंदाज. न लिहिलेल्या निर्णयाची हीच खोड असते, त्याच्याशी वाद घालता येत नाही. चुकीचं कारण लिहिलेलं असतं तर मी ते खोडून काढलं असतं. कारणच नाही म्हटल्यावर पुढचा प्रत्येक माणूस त्याला हात लावायला घाबरतो. "काहीतरी असेल म्हणून तर केलं असेल ना?" असं मला संगणक विभागातल्या तरुण सहायकाने विचारलं. रूढीचा सगळा जीव या एका वाक्यात असतो.

लिहून न ठेवल्याने तांत्रिक घोटाळेही किती होतात ते ज्याने निस्तरले त्यालाच कळतं. एक माणूस दोन गटांत असला तर कोणता गट जिंकतो? मायक्रोसॉफ्टच्या मेलसेवेत धोरणाला क्रमांक असतो आणि शून्य हा सर्वांत वरचा; पहिलं लागू पडणारं धोरण मिळालं की पुढचं पाहिलं जात नाही. अमाविस या जुन्याजाणत्या गाळणीत गटांची माहिती डेटाबेसमध्ये ठेवली तर उलट, मोठा आकडा आधी. एकीकडून दुसरीकडे आलेला माणूस "प्राधान्य १" एवढंच टिपून ठेवत असेल तर त्याने काहीच टिपलेलं नाही. मायक्रोसॉफ्टकडेच आणखी एक खाच आहे. धोरण कोणाला लागू, या जागी तुम्ही एका माणसाचं नाव लिहिलं आणि खाली एक गटही लिहिला, तर वाचणारा समजतो की त्या माणसाला आणि शिवाय त्या गटाला. प्रत्यक्षात तो माणूस त्या गटात असेल तरच लागू, आणि गटातल्या बाकीच्यांना लागूच नाही. कितीतरी ठिकाणी संरक्षण कागदावर सगळ्यांना आणि प्रत्यक्षात एकट्याला, असा कारभार यामुळे चालू असतो. हेतू मराठीत एका ओळीत लिहिलेला असता तर पुढच्या माणसाला हेतू आणि मांडणी यांतली फट दिसली असती. नुसत्या मांडणीकडे पाहून ती दिसत नाही, कारण मांडणी स्वतःशी खोटं बोलत नाही.

मला सर्वांत रंजक वाटतो तो एका पाकिटावर दोन नावांचा पेच. एकच मेल प्राचार्यांना आणि एका विद्यार्थिनीला असा दोघांना येतो. पाठवणारा सर्व्हर दोन्ही नावं एकामागून एक सांगतो, आमचा सर्व्हर दोन्हींना हो म्हणतो, मग मजकूर एकदाच येतो आणि त्यावर होकार किंवा नकारही एकदाच देता येतो. दोघांच्या मर्यादा वेगळ्या. आता काय करायचं? मेल आत घेऊन दोघांसाठी वेगळा करायचा, की दुसऱ्या नावाला आधीच "थोड्या वेळाने पाठवा" म्हणायचं? दोन्ही करता येतं, दोन्हींत काही गमवावं लागतं. आत घेतला तर मुलीची प्रत अडवताना पाठवणाऱ्याला ते कळत नाही. थांबवला तर तिचं पत्र उशिरा येतं. पंगती पाडल्या की हे प्रश्न येतातच आणि कोणीतरी ते सोडवतो. त्याने काय निवडलं, हे लिहिलेलं मी आजवर एकाच संस्थेत पाहिलं आहे, तेही एका वहीत, पेन्सिलीने.

अडवल्यावर पुढे काय, हा तर त्याहून मोठा प्रश्न. मेल दारातच नाकारला तर पाठवणाऱ्याला तसं कळतं, तो फोन करू शकतो. क्वारंटाइनमध्ये ठेवला तर निदान शोधता येतो. मात्र तिथेही मुदत असते, मायक्रोसॉफ्टकडे मूळ धोरणात १५ दिवस आणि वाढवून जास्तीत जास्त ३०. दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलेलं पोर परत येतं तोवर कोठडी रिकामी झालेली असते. तिसरा मार्ग म्हणजे गुपचूप फेकून देणं. मेलची पायाभूत नियमावली, २००८ ची आरएफसी ५३२१, सांगते की असं गुपचूप टाकून देणं हे मेल घोर फसवणुकीचा किंवा अन्यथा अनुचित असल्याची पक्की खात्री असेल तेव्हाच विचारात घ्यावं. आमच्याकडे ते खात्रीपेक्षा डिस्कची जागा वाचवण्यासाठी जास्त वापरतात.

अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात यावर एक निकालच झाला. २०१४ साली न्यायालयाने दिलेला एक आदेश वकिलांच्या कचेरीला ईमेलने पाठवला गेला. कचेरीचं म्हणणं, आम्हाला मिळालाच नाही. तोवर अपिलाचे ३० दिवस उलटून गेले. सर्व्हरच्या नोंदी तपासल्या तर मेल कचेरीच्या सर्व्हरने घेतलेला होता. पुढे साक्षीत निघालं की तिथली गाळणी संशयित मेल कोणालाही न सांगता कायमचा पुसून टाकत असे, आणि कचेरीच्या आधीच्या संगणक सल्लागाराने ही मांडणी ठेवू नका म्हणून सांगितलं होतं. खर्च नको म्हणून ते ऐकलं गेलं नाही. २०१७ साली अपील न्यायालयाने दाद नाकारली. जाणूनबुजून सदोष व्यवस्था चालवणं याला क्षम्य चूक म्हणता येत नाही, असा त्या निकालाचा आशय. वकिलांची चूक आणि नुकसान अशिलाचं. त्या मुलीच्या बाबतीत वेगळं काय झालं? फक्त तिच्यासाठी अपील ऐकायला कोणी बसलेलं नव्हतं.

एवढं सगळं असून लोक लिहून का ठेवत नाहीत? वेळ नसतो, हे खोटं कारण आहे. चार गटांची कारणं लिहायला एक दुपार पुरते. खरं कारण भाऊसाहेबांनी चहा पिताना सांगितलं. "लिहिलं की अंगाशी येतं हो. तोंडी असलं की बरं असतं." आपल्या कार्यालयांत हे शहाणपण पिढ्यान्‌पिढ्या मुरलं आहे. आवक-जावक बारनिशीत टाचणीसुद्धा नोंदवणारा माणूस निर्णयाचं कारण लिहायची वेळ आली की पेन खाली ठेवतो. टपाल आल्याची नोंद राहते, ते का थांबलं याची राहत नाही. सर्व्हरच्या नोंदींचंही तेच. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाने त्या १८० दिवस जपणं बंधनकारक झालं, ठीकच झालं. पण त्या नोंदींत काय घडलं ते असतं, कोणी का ठरवलं ते नसतं.

काही जाणते असंही म्हणतात की गाळणीचे नियम उघड केले तर स्पॅमवाल्यांचं फावेल. स्पॅमअसॅसिनचे नियम आणि त्यांचे गुण पहिल्यापासून उघडे आहेत, कोणीही उतरवून घेऊन वाचावेत. तरी ती गाळणी चालतेच आहे. पासवर्ड गुप्त ठेवा, कोणता पत्ता कोणत्या गटात आहे ही यादी बाहेरच्यांना देऊ नका. पण "विद्यार्थ्यांची मर्यादा प्राध्यापकांपेक्षा कडक का" याचं उत्तर विद्यार्थ्यांपासून लपवण्यात कसली सुरक्षा? ते लपवलं जातं कारण ते उत्तर मोठ्याने वाचवत नाही.

कायद्याचा आधारही शोधायला लांब जावं लागत नाही. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सार्वजनिक संस्थांना सांगतं की आपलं काम कोणत्या निकषांवर चालतं ते न मागता प्रसिद्ध करा, आणि प्रशासकीय निर्णयाचं कारण ज्याच्यावर परिणाम होतो त्याला द्या. अनुदानावर चालणाऱ्या कॉलेजच्या भिंतीवर जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावाची पाटी असतेच. हजार मुलांचं टपाल कोणत्या आकड्याला अडवायचं हा प्रशासकीय निर्णय नाही तर काय आहे? पण तो संगणकात घेतला गेला की तो आपल्याला 'टेक्निकल' वाटतो, आणि टेक्निकल म्हटलं की आपण विचारणं सोडून देतो, पूर्वी शास्त्रात आहे म्हटलं की सोडत असू तसं.

जाता जाता एक. स्पॅमअसॅसिनच्या २०२२ च्या चौथ्या आवृत्तीने 'व्हाइटलिस्ट' आणि 'ब्लॅकलिस्ट' हे शब्द बदलून स्वागताची यादी आणि अडवणुकीची यादी असे केले. गोऱ्याला चांगलं आणि काळ्याला वाईट म्हणणारे शब्द गेले, त्याचा मला आनंदच आहे. पण काही संस्थांत मी पाहिलं की शब्द तेवढे नव्या रीतीने बदलले आणि यादीतली नावं बारा वर्षांपूर्वीची तशीच, त्यात कोण का आहे हे अजूनही कोणाला माहीत नाही.

शेवटी आम्ही त्या कॉलेजात एक कागद केला. संगणकात नव्हे, खरा कागद, कारण प्राचार्य कागद वाचतात. प्रत्येक गटापुढे त्याचं मराठी नाव, त्यात कोण येतं आणि ते नाव कोणाच्या यादीतून आपोआप येतं, मर्यादा किती, मर्यादा ओलांडली तर मेलचं काय होतं, तो किती दिवस राहतो आणि कोण सोडवू शकतो, एका माणसाला दोन गट लागले तर कोणता चालतो, हे कोणी आणि कधी ठरवलं, पुन्हा कधी बघायचं. आणि सर्वांत रुंद रकाना 'कारण' असा. अब्यूज आणि प्रवेश या पत्त्यांची कारणं पाच मिनिटांत लिहून झाली. विद्यार्थ्यांच्या गटापाशी आम्ही अडलो. तरुण सहायक म्हणाला, "सर, इथे काय लिहू?" कोणालाच काही सुचलं नाही, म्हणून ३.५ खोडून ५ केलं, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, "वेगळ्या मर्यादेचं कारण आढळलं नाही, म्हणून मूळ मर्यादा." भाषांत मराठी आणि हिंदी घातली. अडवलेल्या मेलची यादी रोज सकाळी ज्याची त्याला जाईल असं केलं.

राहिला 'स्पेशल'. तो रकाना मी मुद्दाम प्राचार्यांसमोर रिकामा ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, त्या दोन अनोळखी पत्त्यांवर बोट ठेवून विचारलं, "हे कोण?" सांगता कोणालाच येईना. मग थोडा वेळ त्यांनी पेन नुसतं फिरवलं. "माझा मेल अडकला तर?" ते म्हणाले. मी म्हटलं, "सकाळी यादीत दिसेल सर, मुलांना दिसतो तसा." त्यांनी कारणाच्या रकान्यात आपल्या अक्षरात "कारण नाही" असं लिहिलं, खाली सही केली, तारीख टाकली.

मुलीला त्या वर्षाची शिष्यवृत्ती मिळाली नाही. निधीवाल्यांना कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र गेलं, चूक आमची होती असं त्यात लिहिलेलं. त्यांनी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा, एवढं कळवलं. त्या पत्राची प्रत तिने मागून घेतली.

भाऊसाहेबांनी तो गटांचा कागद दोनदा वाचला. मग बारनिशी उघडली, शिक्क्याला शाई लावली आणि मला विचारलं, "याला आवक क्रमांक टाकू की जावक?"